एन्क्रिप्शन आणि डेटा सिक्युरिटी: डेव्हलपर मंडळींचे नेहमीचे प्रश्न

कोड रिव्ह्यूमध्ये, चहाच्या टपरीवर आणि बहुतेक वेळा रिलीजच्या आदल्या रात्री जे प्रश्न येतात ते इथे एका जागी टाकलेत. गणित शिकवायचा इरादा नाही, रोजच्या कामात काय करायचं तेवढंच आहे. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण काही प्रश्नांत दम आहे आणि काहींत नाही.

बेस६४ केलंय, म्हणजे एन्क्रिप्टेडच झालं ना?

अजिबात नाही. बेस६४ ही फक्त लिहायची वेगळी पद्धत आहे, कुणीही एका कमांडमध्ये परत फिरवतो. एन्कोडिंगला किल्ली लागत नाही आणि ते उलटं फिरतं. साध्या हॅशिंगलाही (मजकुरातून ठराविक लांबीचा ठसा काढणं) किल्ली नसते पण ते उलटं फिरवता येत नाही (निदान हेतू तरी तसा असतो, खाली आधारवाला प्रश्न बघा). एन्क्रिप्शन मात्र किल्ली असेल तरच उलटं फिरतं. रिव्ह्यू करताना मी एवढंच विचारतो, "ह्याची किल्ली कुठंय?" उत्तर "किल्ली नाहीये" असं आलं की ते एन्क्रिप्शन नाही, मग व्हेरिएबलला काहीही नाव दिलेलं असो.

युजरचे पासवर्ड एईएसनी (किल्लीवर चालणारी एन्क्रिप्शनची नेहमीची पद्धत) एन्क्रिप्ट करून डेटाबेसमध्ये ठेवले तर चालेल?

नको. एन्क्रिप्ट केलेली गोष्ट परत उघडता येते आणि पासवर्ड परत उघडायची गरज तुम्हाला कधीच नसते, फक्त जुळतोय का एवढंच बघायचं असतं. २०१३ साली अडोबीचा डेटा फुटला तेव्हा साधारण १५ कोटी रेकॉर्ड बाहेर आले आणि त्यातले पासवर्ड ट्रिपल डेस ह्या जुन्या पद्धतीनं, तेही ईसीबी मोडमध्ये (प्रत्येक ब्लॉक सुटा सुटा) एन्क्रिप्ट केलेले होते. किल्ली बाहेर आली नाही, तरी काय झालं बघा: एकच पासवर्ड असलेल्या सगळ्यांचा एन्क्रिप्टेड मजकूर सारखाच दिसत होता, आणि शेजारच्या कॉलममध्ये पासवर्ड हिंट साध्या अक्षरात पडलेली. शंभर लोकांचा मजकूर सारखा आणि त्यातल्या एकानं हिंटमध्ये लिहिलंय "एक ते सहा", की झालं, शंभराचे शंभर उघडे. त्या यादीत १२३४५६ हा पासवर्ड जवळपास १९ लाख लोकांचा निघाला.

मग साधा शा-२५६ हॅश मारला तर?

तोही नको, कारण तो फार वेगवान आहे. फाईलची तपासणी करायला वेग चांगला, पासवर्डला वेग म्हणजे चोराची सोय. लिंक्डइनचे २०१२ मध्ये फुटलेले हॅश शा-१ होते आणि त्यात सॉल्टसुद्धा (हॅश करायच्या आधी जोडायचा रँडम तुकडा) नव्हतं, त्यामुळे ते धडाधड उलगडले गेले. पासवर्डसाठी मुद्दाम हळू चालणारे फंक्शन असतात: बीक्रिप्ट १९९९ पासून आहे, आणि आर्गॉन-२ हा २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेचा विजेता. नवीन प्रोजेक्ट असेल तर सरळ आर्गॉन-२-आयडी घ्या, मेमरी १९ एमबी, २ फेऱ्या, पॅरललिझम १, ही ओवास्प ह्या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची कमीत कमी सेटिंग आहे, सर्व्हर झेपत असेल तर वाढवा. सॉल्ट लायब्ररी आपोआप टाकते, आपण हातानं काही करू नये.

बीक्रिप्ट आधीच असेल तर घाईघाईनं काढून टाकायची गरज नाही, पण एक गोष्ट माहीत पाहिजे, ते पहिल्या ७२ बाइट्सच्या पुढचं बघतच नाही. मराठीत पासफ्रेज टाकणारा युजर असेल तर देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, म्हणजे २४ चिन्हांत कोटा संपला, आणि मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात हे विसरू नका. २०२४ मध्ये लॉगिनची सेवा देणाऱ्या ऑक्टा कंपनीकडे ह्याच ७२ बाइट्सनी घोळ केला होता. त्यांनी एका ठिकाणी कॅशेची किल्ली बनवताना युजर आयडी, युजरनेम आणि पासवर्ड एकत्र जोडून बीक्रिप्टला दिले, युजरनेम ५२ अक्षरांचं किंवा त्याहून लांब असेल तर पासवर्ड हद्दीच्या बाहेर पडायचा आणि काही विशिष्ट परिस्थितीत पासवर्ड न तपासताच लॉगिन व्हायची वाट मोकळी.

जुन्या टेबलात लाखो एमडी५ हॅश पडलेत. सगळ्यांना पासवर्ड रीसेटचा मेल पाठवू का?

मेल पाठवला तर सपोर्टवाले तुम्हाला शोधत येतील. त्यापेक्षा रात्रीच्या जॉबमध्ये आहे त्या एमडी५ वरच आर्गॉन-२ चढवा आणि जुनी कॉलम उडवून टाका. लॉगिन झालं की त्या क्षणी खरा पासवर्ड हातात असतो, तेव्हा त्याचा थेट आर्गॉन-२ काढून बदलून टाका. कुठला रेकॉर्ड कुठल्या पद्धतीचा आहे हे सांगणारी एक छोटी कॉलम ठेवा, आणि हो, जुन्या बॅकअपमध्ये ते नुसते एमडी५ अजून बसलेत, त्यांचाही बंदोबस्त करा.

आधार नंबर आणि मोबाईल नंबर आम्ही हॅश करून ठेवतो, म्हणजे आम्ही सेफ ना?

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त वेळा भेटतो, म्हणून जरा आकडे मांडूनच बोलू. भारतातला मोबाईल नंबर १० आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ नी. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आधार १२ आकडी, पण पहिला आकडा ० किंवा १ नसतो आणि शेवटचा आकडा व्हेरहोफ चेकसम, म्हणजे तो आधीच्या अकरांवरून ठरतो. उरल्या ८,००० कोटी शक्यता. आता एखादं भारीतलं गेमिंग ग्राफिक्स कार्ड सेकंदाला हजार कोटींच्या वर शा-२५६ काढतं. गणित तुम्हीच करा: देशातले सगळे मोबाईल नंबर सेकंदाच्या आत, आणि आधारला काही सेकंद. हॅश उलटा फिरवायची गरजच नाही, सगळे नंबर हॅश करून जुळवून बघायचे.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या १७ कोटींवर फेऱ्यांचा डेटा माहिती अधिकारासारख्या कायद्याखाली बाहेर आला, टॅक्सी नंबर आणि ड्रायव्हर लायसन्स एमडी५ करून 'निनावी' केलेले. नंबरांचा साचा ठराविक होता, त्यामुळे काही तासांत सगळे परत मिळाले.

"आम्ही सॉल्ट टाकलंय" असं लगेच कुणीतरी म्हणतं. एकच कॉमन सॉल्ट कोडमध्ये लिहिलेलं असेल तर कोडसकट गेलं की परत तेच. प्रत्येक रेकॉर्डला वेगळं सॉल्ट असेल तर एकेक रेकॉर्ड काही सेकंदांत, आणि वर तुम्हाला स्वतःलाच त्यावर शोधता येणार नाही. इथे खरं एन्क्रिप्शन पाहिजे किंवा किल्लीवाला हॅश, म्हणजे एचमॅक. आधारच्या बाबतीत तर आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयनं २०१७ मध्येच सांगून ठेवलंय की नंबर वेगळ्या एन्क्रिप्टेड आधार डेटा व्हॉल्टमध्ये ठेवा, किल्ल्या एचएसएममध्ये (किल्ल्या सांभाळायचं वेगळं हार्डवेअर), आणि बाकीच्या सगळ्या टेबलांत फक्त रेफरन्स की फिरवा. आणि मुळात आधार ठेवायची गरज आहे का हेही विचारा. कित्येक ठिकाणी केवायसी झालं हा एक 'हो' पुरतो, तरी फॉर्ममध्ये फील्ड आहे म्हणून सगळे भरून घेतात.

पण एन्क्रिप्ट केल्यावर मोबाईल नंबरनी कस्टमर शोधायचा कसा?

दोन कॉलम करा. एकात नंबर एन्क्रिप्ट केलेला, प्रत्येक वेळी वेगळा दिसणारा. दुसऱ्यात त्याच नंबरचा एचमॅक-शा-२५६, वेगळ्या किल्लीनं काढलेला, आणि इंडेक्स ह्याच्यावर. ह्याला ब्लाइंड इंडेक्स म्हणतात. शोधायचा नंबर आला की त्याचा एचमॅक काढा आणि जुळवा. एचमॅक काढायच्या आधी नंबर एका साच्यात आणा, नाहीतर +९१ वाला, ० वाला आणि मधे स्पेस असलेला असे एकाच माणसाचे तीन कस्टमर तयार होतात. 'शेवटचे चार आकडे' किंवा 'नावात असं असं येतं' असला सर्च ह्यातून होत नाही. शेवटच्या चारासाठी वेगळी कॉलम लागते आणि त्यातून थोडी माहिती फुटते, ती चालेल का हे बिझनेसवाल्यांशी बोलून ठरवा.

एईएस १२८ घेऊ की २५६?

किल्ली १२८ बिटची असो की २५६ ची, कुठलंही. दोन्ही आजपर्यंत कुणी थेट फोडलेलं नाही. क्लायंटच्या चेकलिस्टमध्ये २५६ लिहिलेलं असतं म्हणून २५६ टाका आणि डोकं पुढच्या प्रश्नावर लावा.

ईसीबी, सीबीसी, जीसीएम, ह्यात नेमकं काय निवडायचं?

हे तिन्ही एईएस चालवायचे मोड आहेत, त्यातला जीसीएम घ्या. ईसीबीमध्ये सारखा ब्लॉक सारखाच दिसतो, अडोबीचं वर वाचलंतच. जावामध्ये तर ही खाचखळगी जागोजागी आहे, सायफर मागताना नुसतं 'एईएस' लिहिलं आणि मोड सांगितला नाही तर डीफॉल्ट ईसीबीच मिळतो, कंपायलर काही बोलत नाही, टेस्ट हिरव्या. सीबीसी मजकूर लपवतं पण कुणी मधे फेरफार केला तर ते ओळखत नाही, आणि सर्व्हरनं 'पॅडिंग (शेवटचा ब्लॉक भरायला घातलेली भर) चुकलं' आणि 'डेटा चुकला' अशी दोन वेगळी उत्तरं दिली तर तेवढ्यावरून आख्खा मजकूर उकलता येतो, हे व्होदने नावाच्या संशोधकानं २००२ मध्येच दाखवलंय. जीसीएम लपवतं पण आणि फेरफार ओळखणारा शिक्का पण मारतं.

जीसीएमचा एकच नियम आहे पण तो मोडला तर सगळं गेलं: एकाच किल्लीबरोबर एकच नॉन्स (प्रत्येक एन्क्रिप्शनला द्यायचा वेगळा आकडा) दोनदा वापरायचा नाही. दोनदा वापरला तर दोन्ही मजकुरांचा एक्सॉर (बिट-बिट फरक) हातात पडतो आणि वर खोटे शिक्के मारता येतात. नॉन्स १२ बाइट्सचा, प्रत्येक वेळी ऑपरेटिंग सिस्टिमच्या रँडममधून नवीन घ्या, आणि एका किल्लीवर साधारण ४३० कोटी मेसेजच्या आत किल्ली बदला. नॉन्स गुप्त नसतो, मजकुराच्या पुढे चिकटवून ठेवला तरी चालतो.

अजून एक सोय लोक वापरतच नाहीत, ती म्हणजे असोसिएटेड डेटा, जो एन्क्रिप्ट होत नाही पण शिक्क्यात बांधला जातो. समजा पगाराची कॉलम एन्क्रिप्टेड आहे. डेटाबेसला लिहायचा अॅक्सेस असलेल्या माणसानं किल्ली नसताना मॅनेजरच्या ओळीतला एन्क्रिप्टेड पगार उचलून स्वतःच्या ओळीत पेस्ट केला तर? व्यवस्थित डिक्रिप्ट होतो, शिक्काही बरोबर, कारण मजकूर खराच आहे, फक्त जागा चुकीची. एन्क्रिप्ट करताना एम्प्लॉयी आयडी असोसिएटेड डेटा म्हणून दिला असता तर दुसऱ्या ओळीत तो उघडलाच नसता. एक जास्तीचं पॅरामीटर आहे हो फक्त.

आणि हे सगळं स्वतः जुळवण्यापेक्षा लिबसोडियम किंवा गूगलचं टिंक ह्यातली एखादी तयार लायब्ररी घ्या. पायथनवाल्यांना फर्नेट आहेच, त्यात सीबीसी आणि एचमॅक दोन्ही जोडून दिलेत.

व्हेंडरच्या इंटिग्रेशन डॉक्युमेंटमध्येच ईसीबी लिहिलंय. काय करू?

हे इकडे फार चालतं. एका पेमेंटवाल्या व्हेंडरची पीडीएफ माझ्या हातात आली होती, त्यात सॅम्पल कोड, ईसीबी, आणि १६ अक्षरांची एक किल्ली, कंपनीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन अशी. आम्ही विचारलं प्रॉडक्शनची किल्ली कधी देणार, तर उत्तर आलं, "सर, सेमच आहे." म्हणजे ज्यांना ज्यांना ती पीडीएफ मेलवर गेली ते सगळेच किल्लीवाले.

अशा वेळी मेलवर लेखी विचारा की जीसीएम देता का आणि प्रत्येक मर्चंटला वेगळी किल्ली देता का. नाही म्हणाले तर त्या एन्क्रिप्शनला शून्य किंमत द्या, असून नसल्यासारखं, आणि खरा भरवसा टीएलएस (एचटीटीपीएसमधलं एन्क्रिप्शन), आयपी व्हाइटलिस्ट आणि सर्व्हर-टू-सर्व्हर स्टेटस चेकवर ठेवा. ब्राउझरमधून परत आलेल्या 'सक्सेस' वर ऑर्डर पक्की करू नका, आधी सर्व्हरवरून विचारून घ्या. आणि ते ईसीबीवालं फंक्शन कॉमन युटिलिटीत टाकू नका, तो व्हेंडर सोडून कुणी ते वापरता कामा नये.

बरं, मग किल्ली ठेवायची कुठे?

आता कामाचं बोलू, कारण अल्गोरिदमवर तासभर वाद घालणारी टीम किल्ली मात्र कॉन्फिग फाईलमध्ये टाकून मोकळी होते, म्हणजे दाराला भारीतलं कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली. डेटा आणि किल्ली एकाच माणसाच्या, एकाच सर्व्हरच्या, एकाच बॅकअपच्या हाती एकत्र लागता कामा नयेत. बाकी सगळं ह्याच्यातूनच निघतं.

क्लाउडवर असाल तर केएमएस (किल्ल्या सांभाळणारी क्लाउडची सेवा) वापरा आणि एन्व्हलप एन्क्रिप्शन करा. मास्टर किल्ली केएमएसच्या बाहेर येतच नाही. तुम्ही त्याच्याकडून एक डेटा किल्ली मागता, ती दोन रूपात मिळते, एक उघडी आणि एक मास्टरनं गुंडाळलेली. उघडीनं डेटा एन्क्रिप्ट करून ती मेमरीतून टाकून द्यायची, गुंडाळलेली डेटाच्या शेजारी ठेवायची. वाचायच्या वेळी गुंडाळलेली केएमएसकडे द्यायची, तो उघडून देतो आणि कुणी कधी मागितली त्याची नोंदही ठेवतो. मोठ्या कस्टमरला वेगवेगळ्या डेटा किल्ल्या दिल्या तर एखादा सोडून गेल्यावर त्याची किल्ली नष्ट केली की त्याचा डेटा बॅकअपमध्ये कुठे कुठे पडला असला तरी कचरा होतो.

"आमच्याकडे केएमएस वगैरे नाही, एक व्हीपीएस (भाड्याचा छोटा सर्व्हर) आहे महिन्याला पाचशे रुपयांचा." चालेल. किल्ली एका वेगळ्या फाईलमध्ये, रेपोच्या बाहेर, परमिशन ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी), मालक फक्त अॅपचा युजर, आणि रोजच्या डेटाबेस बॅकअपमध्ये ती फाईल येत नाही ह्याची खात्री. किल्लीची एक प्रत ऑफलाइन, दोन माणसांना माहीत असलेल्या जागी. किल्ली हरवली तर डेटा गेला, 'फॉरगॉट की' असं बटण नसतं.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कोडमध्ये लिहिण्यापेक्षा बरे, पण गुप्त नव्हेत. प्रॉडक्शनला डीबग मोड चालू राहिला की एरर पेजवर दिसतात, क्रॅश रिपोर्टिंगच्या टूलमध्ये जातात, चाइल्ड प्रोसेसला वारशानं मिळतात.

आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक एन्क्रिप्टेड मजकुराच्या पुढे किल्लीचा व्हर्जन नंबर लावा. हे केलं नसेल तर किल्ली बदलायच्या दिवशी आख्खं टेबल एका रात्रीत फिरवावं लागतं.

डेटाबेसला 'एन्क्रिप्शन अॅट रेस्ट' ची टिक केलीये. आता वेगळं काही करायला पाहिजे का?

ती टिक करा, फुकट आहे, पण ती कशापासून वाचवते ते समजून घ्या. कुणी डेटासेंटरमधून डिस्क उचलून नेली तर वाचवते. एसक्यूएल इंजेक्शन, चोरलेला अॅडमिन पासवर्ड, सैल दिलेला क्लाउड रोल, ह्यातल्या कशापासूनही नाही, कारण अधिकृत वाटेनं जो येतो त्याला डेटाबेस सगळं उलगडूनच देतो.

कॅपिटल वन ह्या अमेरिकन बँकेचं २०१९ चं प्रकरण बघा. अमेरिकेतल्या साधारण १० कोटी लोकांचा डेटा गेला. डेटा एन्क्रिप्टेड होता. चोरानं चुकीच्या कॉन्फिग केलेल्या फायरवॉलमधून सर्व्हरलाच मेटाडेटा सर्व्हिसकडे (सर्व्हरला त्याचे क्लाउडचे क्रेडेन्शियल देणारी सेवा) रिक्वेस्ट मारायला लावली, तिथून रोलचे क्रेडेन्शियल घेतले आणि बकेट वाचली. वाचता वाचता डेटा डिक्रिप्ट होऊनच आला, बँकेनं स्वतः तसं कबूल केलं. जी फील्ड वेगळी टोकनाइझ केलेली होती (खऱ्या आकड्याच्या जागी बदली आकडा) ती मात्र सुरक्षित राहिली. म्हणून पॅन, आधार, बँक खातं असल्या पाच-सहा कॉलम अॅप्लिकेशनच्या पातळीवर वेगळ्या एन्क्रिप्ट करा, आणि ज्या सर्व्हिसला त्या उघडायची गरज नाही तिला ती परवानगीच देऊ नका. रिपोर्टिंगच्या सर्व्हिसला पॅन कशाला लागतो?

एडब्ल्यूएसची की चुकून गिटहबवर पुश झाली. कमिट डिलीट केली तर चालेल?

आधी की बंद करा. कमिट नंतर. बॉट सतत नवीन कमिट चाळत असतात, तुम्ही रीबेस शोधेपर्यंत तिकडे कुणीतरी तुमच्या खर्चानं कॉइन मायनिंग सुरू केलेलं असतं. हिस्ट्री पुसली तरी फोर्क, क्लोन, कॅशे राहतात. क्रम असा: की रद्द, नवीन की, क्लाउडचे लॉग बघून जुनी कुठे वापरली गेली ते तपासणं, आणि मग सावकाश हिस्ट्री साफ करणं.

"आमची रेपो प्रायव्हेट आहे" हा बचाव धरू नका. २०१६ मध्ये उबरच्या ५.७ कोटी लोकांचा डेटा गेला तो प्रायव्हेट रेपोमध्ये सापडलेल्या कीमुळेच. टोयोटाच्या एका सेवेची की तर जवळपास पाच वर्षं पब्लिक रेपोमध्ये होती, २०२२ मध्ये लक्षात आलं. प्री-कमिट हुकमध्ये गिटलीक्ससारखं की शोधणारं टूल लावा, आणि जमेल तिथे कायमच्या की ऐवजी तात्पुरते रोल वापरा, नसलेली की लीक होत नाही.

एचटीटीपीएस असताना क्लायंट म्हणतोय पेलोड वेगळा एन्क्रिप्ट करा. गरज आहे?

बहुतेक वेळा नाही, पण वाद घालून फायदा नसतो, बँकवाल्यांचं ऑडिट असतं. कारण असेल तर एकच: टीएलएस लोड बॅलन्सर किंवा सीडीएनवर संपतं आणि मधल्या मशीनला मजकूर दिसू नये. तसं असेल तर समोरच्याच्या पब्लिक किल्लीनं (जिनं फक्त बंद करता येतं, उघडायची किल्ली त्याच्याकडेच) करा. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये एईएसची किल्ली लिहून पेलोड 'एन्क्रिप्ट' करणं म्हणजे निव्वळ टाइमपास, सोर्स उघडला की किल्ली समोर.

सर्टिफिकेटचा एरर येतोय, व्हेरिफाय फॉल्स केलं की चालतंय. ठेवू का?

नाही. व्हेरिफाय बंद केलं की एन्क्रिप्शन चालू राहतं, पण कुणाशी ते माहीत नाही. मधे बसलेल्या कुणाशीही तुम्ही अगदी सुरक्षितपणे बोलताय. बहुतेक वेळा कारण साधं असतं, समोरच्या सर्व्हरनं इंटरमीडिएट सर्टिफिकेट पाठवलेलं नसतं किंवा कंटेनरमध्ये सीए बंडल (सर्टिफिकेट देणाऱ्या विश्वासू संस्थांची यादी) नसतं. अंतर्गत सीए असेल तर त्याचं रूट बंडलमध्ये घाला. पाच मिनिटांचं काम आहे.

सर्टिफिकेट दर वर्षी हातानं बदलतो, काही हरकत?

आता ते दिवस संपले. १५ मार्च २०२६ पासून पब्लिक सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. एक्सेल शीट आणि कॅलेंडर रिमाइंडरवर ४७ दिवस सांभाळता येत नाहीत, ॲक्मे क्लायंट (सर्टिफिकेट आपोआप नवीन करणारं टूल) लावून टाका. फुकट सर्टिफिकेट देणारं लेट्स एन्क्रिप्ट सुरुवातीपासून जास्तीत जास्त ९० दिवसांचीच देत आलंय, ज्यांनी ते वापरलं त्यांना ह्याचं काही वाटणार नाही.

जेडब्ल्यूटीमध्ये युजरचा पॅन नंबर टाकला तर?

साधा जेडब्ल्यूटी (लॉगिननंतर मिळणारं टोकन) सही केलेला असतो, लपवलेला नसतो. कुणीही मधला भाग बेस६४ मधून उघडून वाचतो. आणि तपासताना अल्गोरिदम टोकनला विचारू नका, तुमच्या कोडमध्ये पक्का लिहा. २०१५ मध्ये बऱ्याच लायब्रऱ्या 'अल्गोरिदम: नन' असं लिहिलेलं टोकन खरं मानत होत्या.

मोबाईल अॅपमध्ये एपीआय की लपवायची कशी?

लपत नाही. जॅडएक्स ह्या अॅप उलगडणाऱ्या टूलमध्ये एपीके (अँड्रॉइड अॅपची फाईल) टाकली की दोन मिनिटांत स्ट्रिंग दिसतात, सी++ मध्ये ठेवली तर दहा मिनिटं. जी की फुटली तर नुकसान आहे ती सर्व्हरवर ठेवा आणि अॅपला स्वतःच्या बॅकएंडमधून जाऊ द्या. मॅप्सची की अॅपमध्ये ठेवावीच लागते, तिला पॅकेज नेम आणि सही करायच्या सर्टिफिकेटचं बंधन घाला. युजरचं टोकन मात्र अँड्रॉइड कीस्टोर किंवा आयफोनच्या कीचेनमध्ये.

ओटीपीसाठी मॅथ डॉट रँडम वापरलं तर काय बिघडतं?

ते खेळासाठी आहे. क्रोम आणि नोडमधलं मॅथ डॉट रँडम थोडे आकडे बघितले की पुढचे सांगता येतात असं आहे. क्रिप्टोवालं रँडम घ्या, ओळ तेवढीच. रँडम कच्चं निघालं की बाकीचं कितीही पक्कं असून उपयोग नसतो: डेबियनमध्ये २००६ ते २००८ दरम्यान ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी काढल्या गेल्या आणि किल्ल्यांच्या शक्यता प्रत्येक प्रकाराला फक्त ३२,७६८ उरल्या. सोनीनं प्लेस्टेशन ३ च्या सहीत दर वेळी नवा पाहिजे तो आकडा तोच तोच वापरला, २०१० मध्ये बर्लिनच्या परिषदेत हॅकरांनी त्यावरून प्रायव्हेट किल्ली काढता येते हे दाखवून दिलं.

ओटीपीत मात्र त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. सहा आकडे म्हणजे फक्त १० लाख शक्यता. तीन-पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर ओटीपी मारून टाकत नसाल तर रँडम कितीही चांगलं असून काय. आणि एपीआयच्या उत्तरात ओटीपी परत पाठवू नका. हसू नका, प्रॉडक्शनला बघितलंय.

लॉगमध्ये काय जाऊ द्यायचं?

पासवर्ड, टोकन, ओटीपी, आधार, कार्ड ह्यातलं काही नाही. २०१८ मध्ये ट्विटरनं ३३ कोटी युजरना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण बीक्रिप्ट होण्याआधीच पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये साध्या अक्षरात जात होते. पुढच्या वर्षी फेसबुककडे तेच. दोघांकडे हॅशिंग उत्तम होतं! आपल्याकडे हे कुठून होतं, तर 'डीबगला सोपं जातं' म्हणून आख्खी रिक्वेस्ट बॉडी छापणाऱ्या मिडलवेअरमधून. काय छापायचं त्याची यादी करा, काय लपवायचं त्याची नको, लपवायच्या यादीत नवीन फील्ड टाकायला कुणालाच आठवत नाही.

स्टेजिंगला प्रॉडक्शनचा डंप टाकतो, ते आतलंच आहे ना?

स्टेजिंगचा पासवर्ड सगळ्या ऑफिसला माहीत असतो, सोडून गेलेल्यांनाही. डंप घेतानाच नावं, नंबर, मेल बदलून टाकणारी स्क्रिप्ट लावा. बॅकअप एज (age) सारख्या टूलनं पब्लिक किल्लीवर एन्क्रिप्ट करा, म्हणजे बॅकअप घेणाऱ्या सर्व्हरवर उघडायची किल्ली ठेवावीच लागत नाही. आणि तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप खरंच उघडून बघा.

क्वांटम कॉम्प्युटर आला की सगळं फुटणार म्हणतात?

एईएसला फारसं काही होत नाही, आरएसए आणि इलिप्टिक कर्व्ह ह्या पब्लिक किल्लीच्या पद्धतींना होईल. निस्ट ह्या अमेरिकन मानक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये नवी स्टँडर्ड काढलीत, किल्ली ठरवायला एमएल-केम आणि सहीसाठी दोन. तुम्ही टीएलएस लायब्ररी अपडेट ठेवा, तुमच्या वाटचं काम बहुतेक तिथेच होऊन जाईल. वीस वर्षं गुप्त राहायला पाहिजे असा डेटा असेल, म्हणजे तब्येतीची कागदपत्रं वगैरे, तर आत्ताच बघायला लागा, कारण आज साठवून ठेवायचं आणि नंतर फोडायचं हे शक्य आहे.

कायदा नेमकं काय मागतो?

वकील वेगळा, पण डेव्हलपरला एवढं माहीत पाहिजे. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि सुरक्षेची कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. नियमांत एन्क्रिप्शन, मास्किंग, अॅक्सेस कंट्रोल आणि वर्षभराचे लॉग हे स्पष्ट लिहिलंय, आणि सुरक्षेत ढिलाई झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. कार्डाचे नंबर तर १ ऑक्टोबर २०२२ पासून मर्चंटनं ठेवायचेच नाहीत, आरबीआयचा टोकनायझेशनचा नियम आहे, शेवटचे चार आकडे ठेवू शकता. सीव्हीव्ही एन्क्रिप्ट करूनसुद्धा नाही.

डेटा लीक झालाय असा संशय आहे. पहिल्या तासात काय करू?

सर्व्हर फॉरमॅट करू नका, घाबरून हेच पहिलं केलं जातं आणि पुरावा जातो. नेटवर्कपासून तोडा, डिस्कचा स्नॅपशॉट घ्या, लॉग दुसरीकडे कॉपी करा. मग त्या सर्व्हरला दिसत होत्या त्या सगळ्या किल्ल्या, टोकन, डेटाबेस पासवर्ड बदला, 'ही बहुतेक गेली नसेल' असं म्हणून एकही सोडू नका. कुणी काय कधी केलं ते एका फाईलमध्ये वेळेसकट लिहीत जा. सर्ट-इन ह्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं, आणि लॉग १८० दिवसांचे असावे लागतात, त्यामुळे मॅनेजरला आणि लीगलला लगेच फोन करा, मेलवर वाट बघत बसू नका. रिपोर्टचा फॉर्म सर्ट-इनच्या साइटवर आहे, तो आजच डाउनलोड करून त्यातले कंपनीचे रकाने भरून ठेवा.